राहिलेलं आमेन

"ए!" असं मागून कुणीतरी ओरडलं आणि त्याच क्षणी तिची वेणी कुणीतरी अशी हिसडली की डोळ्यांत टचकन पाणी आलं. नाकासमोरून पार्सलवाल्याची स्कूटर सर्रकन निघून गेली, स्कूटरमागच्या खोक्याचा वारा गालाला लागला, आणि मग सगळं पहिल्यासारखं झालं. सिग्नल, फुटपाथ, औषधाच्या दुकानाची पायरी. वेणी आत्याच्या मुठीत होती. त्यात नवल काही नव्हतं, ती वेणी लहानपणापासून आत्याच्याच मालकीची. पण ओरडलं कोण? आवाज बाप्याचा होता, घोगरा, लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा. तिनं वळून पाहिलं. बाळाची गाडी ढकलणारी एक बाई, दोन शाळकरी पोरी, आणि आत्या. बाप्या एकही नव्हता. "कोण बोकड ओरडला गं?" ती डोळे पुसत, हसत म्हणाली. आत्या हसली नाही. तिनं वेणी सोडली, गळ्याभोवतीचा रुमाल हनुवटीपर्यंत वर ओढला आणि ती औषधाच्या दुकानातल्या शाम्पूच्या बाटल्यांकडे बघायला लागली, जणू आयुष्यात शाम्पू पहिल्यांदाच पाहतेय. तेव्हा कुठे तिच्या टाळक्यात उजेड पडला. टाळकं दुखत होतं तरी पडला.

तिला घरातले, दुकानातले, चर्चमधले सगळे ठिणगी म्हणायचे. हे नाव तिला पायपेटीवाल्या मास्तरांनी दिलं होतं, ती मुलांच्या गायनमंडळात होती तेव्हा. शेजारच्या मुलीनं पायावर पाय दिला म्हणून हिनं भर उपासनेत, गीताच्या मधोमध, तिला ढकलून दिलं होतं, आणि मास्तर पेटी न थांबवता, पायानं भाता मारत मारत म्हणाले होते, "ठिणगीला जरा लांब उभी करा, पडद्याला आग लागेल." आता ती पडदेच शिवायची. नववीत असताना गणिताच्या सरांनी फेकलेला डस्टर तिनं परत फेकला, तो सरांना लागला नाही पण फळ्याला लागला, आणि त्यानंतर शाळा तिला नकोशी झाली की शाळेला ती, यावर घरात अजून एकमत नव्हतं. पडद्यांच्या दुकानात मालकीणबाई तिला घरोघरी खिडक्यांची मापं घ्यायला पाठवायच्या. टेप लावायच्या आधीच तिला माप कळायचं. त्यामुळे कुणाच्याही घरात शिरली की तिची नजर पहिल्यांदा खिडकीवर जायची आणि माणसांवर मग. आज दुकानाला सुट्टी होती आणि ती आत्याबरोबर मास्तरांच्या घरी आजारभेटीला निघाली होती, आत्याचा आवाज म्हणून. म्हणजे आत्या बसणार आणि ही बोलणार. असं ठरलं होतं. पण आत्याला आवाज आहे, हे त्या ठरण्यात कुठेच नव्हतं.

दोघी चालायला लागल्या. आत्या पुढे, ती मागे. मागून आत्याची पाठ दिसत होती, ताठ, खांद्यावरची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी पाटी. ती पाटी ठिणगीचीच, पहिलीतली. लाकडी चौकटीवर तिनं खिळ्यानं कोरलेला कोंबडा अजून होता. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून आत्या त्या पाटीवर लिहायची. दूध संपलं. गॅस बघ. तुझा बाप कुठे गेला. डॉक्टर म्हणाले होते की आवाज येईल, पण पहिल्यासारखा येणार नाही, बोलत राहा. मग आत्या दवाखान्यातल्या आवाज शिकवणाऱ्या बाईकडे जायला लागली. तिथून आली की पप्पा दारातच विचारायचे, "काही निघालं का?" आणि आत्या मान हलवायची, नाही. पप्पा म्हणायचे, "निघेल गं ताई, घाई काय आहे." मग आत्यानं तिथे जाणंच सोडलं. सगळ्यांना वाटलं, नाहीच आला आवाज. पप्पांनी देवापुढे गुडघे टेकले. मंडळीनं प्रार्थनेत नाव घेतलं, मग काही रविवारांनी दुसऱ्या कुणाचं घेतलं. आणि आवाज तर आला होता! आला होता आणि हिनं तो लपवून ठेवला होता, गळ्यात रुमालाखाली, पाहुण्यांपासून लाडू लपवावेत तसा. ठिणगीला आधी राग आला. तिला सगळ्यात आधी रागच यायचा, बाकीचं मागून यायचं. एवढे महिने घरात मुकेपणा, पप्पा टीव्हीचा आवाजसुद्धा लहान करून बसायचे, आणि ही बाई... मग तिला तो बोकड आठवला. आपणच म्हटलेला. तिनं स्वतःच्याच तोंडावर एक चापटी मारली.

कारण तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, आत्याचा आवाज काय होता ते. चर्चमध्ये लोक आत्याला बघायच्या आधी ऐकायचे. मागच्या बाकावर उशिरा येऊन बसणारे म्हणायचे, पुढे बसायची गरज काय, ती बाई आहे ना. ती प्रार्थना करायला लागली की लहान पोरं रडायची थांबायची. आजारी माणसं म्हणायची, औषध संध्याकाळी घेतो, आधी तुम्ही प्रार्थना करा. पण ठिणगीला आठवायचा तो आवाज वेगळाच होता. तो तिच्या अंगावर ओरडणारा होता. "कार्टे, ती चप्पल आत आणलीस?" "टवळे, आरशापुढून हललीस तर बरं होईल, आरसा दमला." त्या ओरडण्यात असं काही होतं की ती चप्पल मुद्दाम आत आणायची. ऑपरेशननंतर पाटीवर 'चप्पल' एवढंच लिहून आत्यानं पाटी तिच्यासमोर धरली, त्या दिवशी ठिणगी मुकाट्यानं चप्पल बाहेर ठेवून आली, न्हाणीघरात गेली आणि बादलीत पाणी सोडून रडली, पाणी पडायचा आवाज व्हावा म्हणून. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? मला कुणी शिव्या देत नाही म्हणून मी रडते, असं?

त्याच रात्री की दुसऱ्या दिवशी, पप्पा आत्याला म्हणाले होते, "ताई, आजारभेटी तरी सुरू कर, नुसती जाऊन बसलीस तरी चालेल." आत्यानं पाटीवर लिहिलं होतं, 'माझं काम संपलं.' आणि मग ओल्या फडक्यानं पुसलं होतं, फार सावकाश, कोपरेसुद्धा. पप्पा टीव्हीकडे वळले. ठिणगीला मात्र ते तीन शब्द चिकटले. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला तोही त्यांच्यावरच येऊन बसला. मोठ्या घरात सोन्याची भांडी असतात तशी मातीचीही असतात, आणि धन्याच्या कामाला येईल ते भांडं धन्य, असं काहीसं. पाळक हात उंच करून सांगत होते आणि ठिणगी आपल्या घरातली भांडी आठवत होती. सगळ्यात कामाचं भांडं कुठलं? तर न्हाणीघरातला निळा मग, कान तुटलेला. त्याला कुणी कपाटात ठेवत नाही, पाहुण्यांपुढे आणत नाही, पण तो दोन मिनिटं सापडला नाही तर घरात बोंबाबोंब. आणि कपाटातल्या काचेच्या सहा बशा, फुलाफुलांच्या, आईच्या लग्नातल्या, त्या कुणाच्या कामाच्या? आत्याला वाटतंय की ती बशी होती आणि तिला चीर गेली. हे मनात आलं तेव्हा ती बाकावर जोरात म्हणाली होती, "हट्!" पुढच्या बाकावरच्या काकूंनी वळून पाहिलं होतं. बरं, मग आपण कुठलं भांडं? नववी नापास सुद्धा नाही, नववी सोडलेली. डस्टर फेकणारी. देवाला काय पडदे लागतात? तेवढ्यात शेवटचं गीत सुरू झालं होतं, रेकॉर्डवरचं. पायपेटीवर झाकण होतं. मास्तर पडल्यापासून झाकणच होतं.

मास्तरांची इमारत आली. जिन्यात ओल्या फरशीचा वास होता, नुकतीच पुसलेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती पुढे झाली आणि आत्याला अडवून उभी राहिली. "तुला बोलता येतं," ती म्हणाली. आत्यानं तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. "मी बोकड म्हटलं ते चुकलं. जीभ हासडून देऊ का? पण तुला बोलता येतं." आत्यानं पिशवीतून पाटी काढली, पेन्सिल शोधली, ती सापडेना. पिशवीच्या तळाशी चिल्लर, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या, सगळं वरखाली झालं. ठिणगी बघत होती आणि तिला वाटत होतं, आता चिडेल, आता पेन्सिल सापडत नाही म्हणून तरी चिडेल, आता येईल. पेन्सिल सापडली. आत्यानं लिहिलं, 'मास्तरांना नाही. शपथ.' "शपथ घ्यायची नसते, तूच सांगतेस," ठिणगी म्हणाली. आत्यानं 'शपथ' पुसून 'वचन' लिहिलं. चेहरा असा की समोरच्यानं नाही म्हणूच नये. वयस्क माणसाच्या तोंडावर एवढं लहान मुलासारखं काहीतरी दिसलं की ठिणगीला फार अवघडायला व्हायचं. "बरं," ती म्हणाली. "दिलं. पण मला पटलेलं नाही."

दार मास्तरांच्या सुनेनं उघडलं. तिच्या कानावर हेडफोन, तोंडापुढे बारीक माइक. ती घरून काम करायची, कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. "आपली तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे, तुमच्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत," ती गोड आवाजात हवेला सांगत होती आणि हातानं ह्या दोघींना आत या, आत या, चपला राहू द्या, डावीकडे, असं सगळं खुणांनी सांगत होती. तोंड गोड आणि डोळे पार थकलेले. माइकवर हात ठेवून ती ठिणगीच्या कानाशी कुजबुजली, "उठतच नाहीत गं. डॉक्टर म्हणतात आता उठले नाहीत तर मग उठणारच नाहीत. वॉकर आणलाय, त्याच्यावर टॉवेल वाळत घालतोय आम्ही." मग तिला परत कुणीतरी ओरडलं असावं, कारण ती "हो सर, समजू शकते सर" म्हणत स्वयंपाकघरात गेली.

आतली खोली लहान. पलंग, स्टूल, एक खुर्ची, कोपऱ्यात तो वॉकर आणि त्याच्यावर खरंच टॉवेल. खिडकीला एकच पडदा, दुसऱ्याचे हुक तुटलेले. चार फूट बाय साडेतीन, तिच्या मनानं मोजून टाकलं. दुपारची उन्हाची पट्टी सरळ मास्तरांच्या तोंडावर पडली होती आणि ते डोळे उघडे ठेवून तिच्यात पडले होते. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. हात पांघरुणावर होते आणि बोटं हलत होती, बारीक बारीक, पेटी नसताना. "कोण?" ते म्हणाले. "मी, ठिणगी." "अगं बाई! खोलीत जाळण्यासारखं काही नाही हां, आधीच सांगतो." ती हसली. मास्तर वाळले होते. आवाज मात्र तोच, अर्ध्या थट्टेतला. "एकटीच आलीस? चर्चमधून निरोप आला होता, आत्यापण येणार म्हणून." आत्या दाराच्या आत, भिंतीला लागून उभी होती. तिनं मान हलवली. नाही. जोरजोरात, नाही. मास्तरांना पाटी दिसणार नव्हती, आणि तोंड तिला उघडायचं नव्हतं. ठिणगीचे कान तापले. "तिला..." ती म्हणाली, "तिला जरा काम निघालं." खोटं बोलताना तिचा आवाज नेहमी वर जायचा. मास्तरांना ते कळलं का? त्यांना सूर कळायचे. ते नुसतंच "हं" म्हणाले.

ती खुर्चीवर बसली. आत्या स्टुलावर, पायांचा आवाज न करता, श्वाससुद्धा मोजून. चोरासारखी. जिच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खं चर्च सावरून बसायचं ती बाई, आपल्या गाण्यातल्या जन्मभराच्या सोबत्यासमोर चोरासारखी बसलीये, हे बघून ठिणगीला वाटलं स्टूल ओढावं, काहीतरी पाडावं, कप फोडावा. मास्तर आणि आत्या म्हणजे एक कायमचं भांडण होतं. मास्तर गीत एका पट्टीत सुरू करायचे, आत्याला त्याच्याहून वरची पट्टी हवी असायची. ती सगळ्या मंडळीदेखत खाकरायची. मास्तर ऐकलं न ऐकलं करायचे. ती पुन्हा खाकरायची. मग मास्तर वैतागून पट्टी वर न्यायचे आणि तिच्याकडे बघून भुवया उडवायचे, घे, आता गा, फाट. आणि ती गायची, फाटायची नाही. घरी आल्यावर आत्या म्हणायची, "त्या माणसाला एक दिवस पेटीत घालून झाकण लावणार आहे मी." आणि दर रविवारी घरून निघताना त्यांच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या घ्यायची.

"मला झाकण लावून ठेवलंय बघ देवानं," मास्तर म्हणाले. ठिणगी दचकली. "पाय गेला. डोळे आधीच गेलेले. पेटीला पाय लागतो. सुनबाई म्हणते, उठा. उठून जाऊ कुठे? तिथं रेकॉर्ड लावतात ना आता? छान असते म्हणे. चुकत नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी चुकायचो ना, तर तुझी आत्या खाकरायची. किती महिने झाले, कुणी खाकरलं नाही. चूक काढणारं राहिलं नाही तर वाजवायचं कुणासाठी? देव काही खाकरत नाही." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "ती कशी आहे? खरं सांग." ठिणगीनं आत्याकडे पाहिलं. आत्याचे दोन्ही हात पाटीवर घट्ट होते, कोंबडा बोटांखाली झाकलेला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, नाक ओढत नव्हती, कारण आवाज झाला असता. "बरी आहे," ठिणगी म्हणाली. "तिला पण असंच वाटतं. तुमच्यासारखंच. झाकणाचं." "मूर्ख बाई," मास्तर इतक्या मायेनं म्हणाले की ठिणगीला खिडकीकडे बघावं लागलं.

तेवढ्यात सून आली, माइक वर कपाळावर ढकललेला, कानातून कुणाचीतरी चिडचिड बारीक ऐकू येत होती. "गिऱ्हाइकाला पाच मिनिटं थांबायला सांगितलंय," ती म्हणाली आणि आत्याकडे बघून काही बोलणार होती, पण आत्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि तिनं, बिचारीनं, सगळ्या दिवसात आणखी एक न कळणारी गोष्ट म्हणून ते मान्य केलं. "प्रार्थना करूया ना? मला परत बसायचंय." "करूया," मास्तर म्हणाले. "ठिणगे, तूच कर." तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी?" "मग कोण? तू आजारभेटीला आलीस ना? आजारभेटीला येतात आणि प्रार्थना करतात. मी आजारी आहे. कर."

आता हे कुणाला सांगणार की तिनं चारचौघांत कधी प्रार्थना केलीच नव्हती. तिला प्रार्थनेत डोळेसुद्धा मिटता यायचे नाहीत. लहानपणापासून सगळे डोळे मिटायचे आणि ती उघडे ठेवायची, कारण तेवढ्या वेळात माणसं फार खरी दिसायची. पाळकसाहेब डोळे मिटले की म्हातारे दिसायचे. शेजारच्या बाकावरच्या कंडक्टर मामांचा खालचा ओठ थरथरायचा. तिला ते बघायला आवडायचं, त्या सगळ्यांवर तिचा तेव्हा जीव जडायचा, नंतर डोळे उघडून ते बोलायला लागले की कमी व्हायचा. आणि आत्या, स्वतः प्रार्थना करता करता, स्वतःचे डोळे घट्ट मिटलेले असताना, हात लांबवून तिला चिमटा काढायची. हिला कसं कळतं, हे कोडं तिला कधी सुटलं नाही. आता सगळ्यांनी डोळे मिटले. सुनेनं, मास्तरांनी, आत्यानं. चिमटा आला नाही. "देवा," ती म्हणाली. आणि पुढे काय ते सगळं पळालं. हे आमच्या स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणाशी, तुझी कृपा, आत्याचे ते घडी घातलेले, इस्त्री केलेले शब्द. एकही हाताला लागेना. तिला घाम फुटला. आणि घाम फुटला की तिला रागच यायचा.

"देवा, तू बघतोयस ना? मला चांगलं बोलता येत नाही, तर मी असंच बोलते. मास्तरांच्या तोंडावर ऊन येतंय. ते मी बघते, हुक लावते, ते तुला नाही सांगत. पण बाकीचं माझ्यानं होत नाही. हे म्हणतात मला झाकण लावलं. तिकडे ती म्हणते माझं काम संपलं. तू म्हणालास का असं? मला नाही वाटत तू म्हणालास. तू म्हणाला असतास तर एवढं रडायला आलं नसतं कुणाला. हे आपले आपणच ठरवतात. म्हणजे बघ, बशी स्वतःच उठून कपाटात जाऊन बसली, आणि म्हणते धन्याला मी नको. धन्याला विचारलंस का, बये? त्याला असेल ना त्याच चिरेच्या बशीत चहा प्यायचा! त्याची बशी, त्याचा चहा!" ती जरा ओरडलीच. सुनेच्या कानातला माणूसही गप्प झाल्यासारखा वाटला. "आम्ही कुणाच्या कामाचे आहोत ते तू ठरव. मला पण ठरवता येत नाही माझं. मी ठरवलं तर मी शून्यच टाकीन. पण ह्या दोघांना... ह्यांना तू काहीतरी सांग. तुला माहितीये कोण कुठे बसलंय. मला बोलायची बंदी आहे. मी वचन दिलंय. तू तर दिलं नाहीस ना."

आणि ती थांबली. तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. जीव हलका झाला होता आणि ती धापा टाकत होती, जिना चढून आल्यासारखी. आता उघडतील डोळे, तिला वाटलं. पण कुणी उघडेना. सून मान खाली घालून तशीच. मास्तर तसेच, उन्हात. बोटं थांबलेली. ती वाट बघत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती गाडी टीं टीं करत राहिली, थांबली. स्वयंपाकघरात नळाचा एक थेंब. एवढा वेळ कशाला लावतायत ही माणसं? झाली ना प्रार्थना? आणि मग तिला कळलं. आमेन राहिलं. प्रभूच्या नावानं मागतो, आमेन, ते शेवटचं सगळंच राहिलं, आणि ही भली माणसं समजतायत की ती मनातल्या मनात करतेय, अजून संपली नाही. जगात हिच्यासारखी गाढव दुसरी नसेल. तिनं घाईनं तोंड उघडलं, म्हणून टाकावं, आणि तिची नजर आत्याच्या गळ्यावर गेली.

रुमाल खाली सरकला होता. त्याच्याखाली ती आडवी रेघ, गुलाबी, अजून नवी. आणि रेघेच्या वर काहीतरी हलत होतं. आवंढा, पुन्हा आवंढा. आत्याचे डोळे मिटलेले होते, पण चेहऱ्यावर ती जुनी कडक आठी आली होती, मास्तरांनी चुकीची पट्टी धरली की यायची ती. आमेन राहिलंय हे तिला कळलं होतं. तिला ते सहन होत नव्हतं. कुणीतरी दार उघडं टाकून गेलंय आणि घरभर वारा येतोय, उठून ते लावल्याशिवाय बसवत नाही, तशी ती स्टुलाच्या कडेला आली होती. ठिणगीनं तोंड मिटलं. पुढे कितीतरी दिवस तिला नीट सांगता आलं नाही की त्या वेळी ती विसरली होती की थांबली होती. विसरली होतीच. पण मग आठवलं, आणि तिनं म्हटलं नाही, हेही खरं. दात एकमेकांवर घट्ट धरून ती बसली, आणि मनात म्हणाली, मी नाही लावणार दार. तूच लाव. लाव ना गं.

आत्या खाकरली.

पलंगावर मास्तरांचं सगळं अंग एकदम हललं. आणि मग त्या खोलीत तो आवाज आला, कपाट ओढल्यासारखा, मधेच तुटलेला, खालचा, ओबडधोबड. "प्रभू येशूच्या नावानं मागतो," तो आवाज म्हणाला, थांबला, दमला, आणि बाकीचं उचलून आणावं तसं घेऊन आला. "आमेन." "आमेन," सून म्हणाली आणि डोळे उघडून तिनं तोंडावर हात घेतला. मास्तरांचे डोळे उघडे होते आणि ते स्टुलाच्या दिशेनं वळले होते, जिथे त्यांना नुसती एक सावली दिसत असेल. "काम निघालं होतं ना तुला?" ते म्हणाले. "संपलं," आत्या म्हणाली. "पुन्हा म्हण." "काय पुन्हा?" "आमेन." "एकदाच म्हणतात." मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, आत्यानं सवयीनं पिशवीत हात घातला, गोळी काढली, सोलली, त्यांच्या हातावर ठेवली. गोळी गालात फिरवत ते बराच वेळ काही ऐकत असल्यासारखे पडून राहिले. मग म्हणाले, "पट्टी फार खाली आलीये तुझी." आत्याची मान खाली गेली. "कळतंय मला," ती म्हणाली. "काय कळतंय? काही कळत नाही तुला. जन्मभर मला वर वर पळवलंस. पेटीला डावीकडे पण सूर असतात बाई. मोठे असतात. कुणी वाजवले नाहीत म्हणून धूळ खात पडलेत, दोन-तीन तर बोंबलत असतील, बघायला पाहिजेत." त्यांची बोटं पांघरुणावर डावीकडे सरकली आणि तिथे थांबून दाबायला लागली, हळूहळू, शोधत. मग ते सुनेकडे, तिच्या आवाजाची जागा होती तिकडे, तोंड करून म्हणाले, "सुनबाई, त्या वॉकरवरचा टॉवेल काढ."

सुनेनं टॉवेल काढला आणि तोच डोळ्यांना लावला. कानावरच्या हेडफोनमधून कुणीतरी म्हणालं, हॅलो, हॅलो, तुम्ही ऐकताय ना? ती म्हणाली, "हो सर, ऐकतेय." आणि रडतच होती. ठिणगी उठली आणि खुर्चीवर चढून पडद्याचे हुक बघायला लागली, कारण त्या क्षणी माणसांकडे बघणं तिला फार झालं होतं.

खाली उतरताना आत्या पुढे होती. पहिल्या मजल्याचं वळण आलं, मघाचं, फरशी आता वाळलेली. तिथे आत्या थांबली, तिनं पाटी पिशवीत खोल सारली आणि ठिणगीच्या दंडाला असा चिमटा काढला की ती किंचाळली. "कार्टे," आत्या म्हणाली, त्या बोकडाच्या आवाजात, सगळा जिना भरून. "आमेन विसरतात? देवाला काय दारात उभं करून ठेवायचं होतं? आणि धन्याला विचारलंस का बये म्हणे! प्रार्थना करत होतीस की भाजीवालीशी भांडत होतीस? आणि डोळे! डोळे उघडे होते तुझे, मला माहितीये." मधेमधे आवाज तुटत होता, शब्दांचे तुकडे पडत होते, आत्या थांबून श्वास घेत होती आणि तिथूनच पुढे चालू करत होती, एकही शिवी वाया जाऊ देत नव्हती. ठिणगी एकेक पायरी मुद्दाम सावकाश उतरत होती. चपलेचा पट्टा नीट असून तिनं खाली वाकून तो दोनदा लावला. जिना अजून दोन मजले असता तर किती बरं झालं असतं.

फाटकातून बाहेर पडल्या तेव्हाही आत्याचं चालूच होतं. समोरून पिशव्या घेऊन येणारा एक माणूस थबकला, आणि कोण बाप्या ओरडतोय म्हणून आजूबाजूला बघायला लागला, फुटपाथभर, मग वर गॅलरीत, मग ह्या दोघींकडे. आत्याचा हात रुमालाकडे गेला. ठिणगीनं तो हात वाटेतच पकडला.

"आत्या आहे माझी," ती त्या माणसाला म्हणाली. "तुम्ही बघा पुढे."